कान टोचलेली लक्ष्मी

छत्रपती संभाजीनगरला जाऊन मी वेरूळ पाहिलं नाही, अजिंठा पाहिला नाही. बीबी का मकबरा रिक्षातून जाताना झाडांच्या वर दिसला, तेवढाच. साताऱ्याला परतल्यावर शेजाऱ्यांना हे कळलं तेव्हा ते हळहळले. "मग केलंत काय तिकडं?" त्यांनी विचारलं. एका नोटेसाठी गेलो होतो, मी म्हणालो. त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग आमच्या घरात काय झालंय ते त्यांना आठवलं आणि त्यांनी विषय बदलला. तेव्हा सांगायचं राहून गेलं ते आता सावकाश लिहितो आहे.

नोट कसली, ते आधी सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर अशा बंदरांमध्ये परदेशी बँकांच्या शाखा होत्या आणि त्या स्वतःच्या नोटा काढत. नवी नोट निघाली की तिचे थोडे नमुने इतर शाखांना पाठवले जात. खरी नोट कशी दिसते हे तिथल्या खजिनदाराला कळावं म्हणून. नमुन्याची नोट त्याच छापखान्यातली, त्याच कागदावरची. फक्त तिच्यावर तांबड्या शाईत 'स्पेसिमेन' असा शिक्का, क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं, आणि सहीच्या जागी गोल भोकं, कोणी ती बाजारात चालवू नये म्हणून. काम झालं की अशा नोटा बहुतेक जाळून टाकत. उरल्या त्या थोड्या, आणि त्यांच्यामागं हिंडणारी माणसंही थोडीच. माझी बायको सुनंदा त्यांच्यापैकी एक होती.

ती शाळेत भूगोल शिकवायची. देशाबाहेर कधी गेली नाही. नकाशावर गावाचं नुसतं नाव असतं, नोटेवर गाव दिसतं, असं म्हणायची. शांघायच्या एका बँकेचा पाच नोटांचा संच तिनं निम्मं आयुष्य घालवून जमवत आणला होता: एक, पाच, दहा आणि शंभर डॉलर. पन्नासाची तेवढी मिळाली नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

आमच्या गावातल्या एका लहान संग्रहालयानं तिचा आल्बम घ्यायचं कबूल केलं. संच पुरा असेल तर वेगळ्या काचपेटीत, तिच्या नावाची पाटी लावून मांडू, असं तिथल्या बाई म्हणाल्या. अपुरा असेल तर इतर कागदांबरोबर कपाटात ठेवू. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला ती पाटी हवी होती. मी कॉलेजात संस्कृत शिकवलेला माणूस. नोटांमधलं मला काही कळत नाही, आणि ही एक गोष्ट सोडली तर तिच्यासाठी करण्यासारखं आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

अशात एके दिवशी तिचा मोबाइल वाजला. मी तो बंद केला नव्हता. पलीकडून आवाज आला, "मॅडम को बोलो, शहागंज से रशीदभाई. पचास की दिखी है." मॅडम नाहीत, एवढंच मी बोललो. जे खरं होतं ते फोनवर मला सांगता आलं नाही.

शहागंज

रशीदभाईंचं दुकान संभाजीनगरच्या जुन्या बाजारात, घंटाघराच्या बाजूच्या गल्लीत, बांगड्यांच्या आणि अत्तरांच्या दुकानांमध्ये दडलेलं आहे. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं. काचेखाली निजामाच्या काळातली नाणी, बंद पडलेली घड्याळं, पोस्टाची तिकिटं. रशीदभाई सत्तरीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. साताऱ्याच्या मॅडमचा नवरा, अशी मी ओळख सांगितली. आमच्याकडं दुकानदार आधी काय पाहिजे ते विचारतो. इथं आधी चहा आला, मग दुसरा चहा आला आणि मग त्यांनी विचारलं, "मॅडम नै आए?"

मी सांगितलं.

त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि परत येऊन बसले. बाहेर भरबाजार होता. समोरचा बांगडीवाला वाकून आत पाहत म्हणाला, "क्या हुआ चाचा, तबीयत?"

"मेरे गिऱ्हाईक का इंतकाल हो गया," रशीदभाई म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "देखा तो कभी नै मैंने उनको. बरसों से फोन पे बात. आवाज पहचानता था. मोलभाव ऐसा करते थे साहेब, के मैं फोन रख के पानी पीता था."

सुनंदा मोलभाव करायची हे मला ठाऊक नव्हतं. घरी ती भाजीवालीशीसुद्धा घासाघीस करत नसे.

दुपारी त्यांनी मला जेवायला नेलं. इथला नान-खलिया नावाजलेला आहे. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "शहागंज में आके दाल खाते? किसी को बोलना नक्को." हळदीनं पिवळा केलेला तो मऊ नान मी डाळीबरोबर खाल्ला. आमच्याकडच्या कुठल्याच भाकरी-पोळीशी त्याची तुलना होत नाही. थोडा गोडसर, थोडा ओशट, आणि थंड झाल्यावरही मऊच.

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावचा दत्ता नावाचा तरुण वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. घरात असलेल्या जुन्या नोटेचा मोबाइलमधला फोटो घेऊन तो दुकानात आला होता. रशीदभाईंनी तिथंच ओळखलं. "पर उसकी माँ देती नै. बोलती, लक्ष्मी है. मैं गया तो मेरे को बेसन के लड्डू खिलाए, नोट नै दिखाई. आप जाओ. मॅडम का काम है, आप ही जाओ."

पिशोरची वाट

दत्ताची सुट्टी पाहून मी सकाळच्या एसटीनं निघालो. आल्बम टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. शहर मागं पडल्यावर रानं सुरू झाली. कापसाची वेचणी संपत आलेली, पऱ्हाटीवर उरलेली बोंडं. कुठं मक्याची कणसं वाळत पडलेली, कुठं आल्याच्या हिरव्या वाफ्यांना पाणी चाललेलं. आमच्याकडं नजर डोंगराला अडते. इथं ती लांब जाते आणि मग कुठंतरी सपाट माथ्याच्या टेकडीवर टेकते.

वाटेत एसटी बंद पडली. वाहकानं सगळ्यांना उतरवून शांतपणे तंबाखू मळायला घेतली, तेव्हा ती लवकर सुरू होणार नाही हे कळलं. मागून आलेल्या काळीपिवळी जीपमध्ये मला जागा मिळाली. शेजारच्या बाईंनी आपली मेथीची ओली जुडी सहज माझ्या मांडीवरच्या पिशवीवर ठेवली. पाणी झिरपून पिशवीचा रंग गडद होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच.

"अगं बया, काय हाय त्यात? पोथी हाय का काय?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बायकोच्या नोटा आहेत."

जीपमध्ये एकदम हशा झाला. पुढच्या सीटवरचा म्हातारा मागं वळून म्हणाला, "बायकूच्या नोटा घेऊन पळाले जनू!" मीही हसण्याचा प्रयत्न केला. टॉवेल ओला झाला होता. आत प्लॅस्टिकचे कप्पे कोरडे होते. बाईंनी मेथी उचलून आपल्या पायाशी ठेवली आणि उतरेपर्यंत माझ्या पिशवीवर पदराचं टोक धरून बसल्या.

पिशोर

गाव मोठं आहे. बाजाराचा दिवस नसूनही रस्त्यावर वर्दळ होती. दत्ता मोटारसायकल घेऊन उभा होता. "सर व्हय? बसा. आई सकाळपून वाट पाहून राह्यली."

घर सिमेंटचं, नवं, बाहेरून अजून गिलावा न केलेलं. दत्ताची आई कौसाबाई ओसरीत आलं निवडत बसल्या होत्या. माझ्यापेक्षा थोड्या लहान असाव्यात. पती वारून बरीच वर्षं झालेली. मी बसतो न बसतो तोच त्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, भाऊ. उपाशी मानसासंगं लक्ष्मीचं बोलू नाय."

बाजरीची भाकरी, कांदा, ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. लग्नाकार्यात त्याची आमटी केल्याशिवाय इकडं पंगत उठत नाही म्हणे. पहिल्याच घासाला माझ्या कानातून वाफ निघाली.

"आई, लई तिखट केलं तू. सरांच्या डोळ्यांत पानी आलं."

"साताऱ्याकडची मानसं तिखट खात्यात म्हनं."

"रडायले ते."

"येऊ दे पानी. बरं असतं," कौसाबाई म्हणाल्या आणि माझ्या वाटीत आणखी आमटी घातली.

जेवणं झाल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यासमोर बसून पितळी डबा उघडला आणि तांबड्या फडक्यात ठेवलेली नोट माझ्यासमोर पाटावर मांडली.

ती तीच होती. पन्नास डॉलर, शांघाय. जांभळट रंग, कडेला नक्षी, क्रमांकाच्या जागी शून्यं. खालचा एक कोपरा जळून तपकिरी झालेला. आणि भोकांच्या भोवती, जिथं मॅनेजरची सही असायची तिथं, हळदीकुंकवाचे थरावर थर. वर्षानुवर्षं लावलेलं कुंकू कागदात मुरून काळपट झालं होतं.

"ही कान टोचलेली लक्ष्मी," कौसाबाई म्हणाल्या. "माझी सासू असंच म्हनायची. लेकीचे कान टोचत्यात तसे हिचे टोचलेले. मालकांचे आजे मुंबईला बँकेत शिपाई व्हते. सायबानं जुने कागद जाळायला सांगितले, तवा ही आगीतून उचलली त्यांनी. तवापून दर लक्ष्मीपूजनाला पाटावर बसती."

इथं मी चूक केली. शिकवण्याची सवय जात नाही. नमुना म्हणजे काय, भोकं कशासाठी पाडत, हे मी सगळं समजावून सांगितलं. "ही नोट कधी चालत नव्हती," मी म्हणालो. "हा नुसता नमुना आहे."

दत्ता मांडीवर थाप मारून हसला. "आई! चार पिढ्या आपुन नमुन्याची पूजा केली! आमच्या कंपनीत बी एक नमुना हाय, त्याला बी ओवाळतो आता."

"तू गप. घरात एक हाय तेवढा बास," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहून अगदी शांतपणे, "आम्हाला ठावं हाय, भाऊ. चालत नाय म्हनूनच तर ठिवली. चालती असती तर कवाच चालली असती. बैल गेले, माझ्या पाटल्या गेल्या, खालचं रान गेलं. ही ऱ्हायली. हिला कोन घेनार?"

लक्ष्मीला चंचला म्हणतात. एका घरी टिकत नाही ती. ह्या घरानं अशी लक्ष्मी शोधून ठेवली होती जिला जाताच येत नाही.

मी टॉवेल सोडून आल्बम काढला, रिकामा कप्पा दाखवला, आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

"बाई सवता कामून नाय आल्या?" कौसाबाईंनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात वारल्या."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दत्तानं मोबाइल खिशात घातला. बाहेर कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली आणि तिची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली.

"सवाष्ण गेल्या," कौसाबाई म्हणाल्या.

"हो."

"त्या आल्या असत्या तर ओटीत घातली असती. लेकीसंगं लक्ष्मी गेली तर ती गेली म्हनत नायत." त्यांनी फडक्याची घडी सारखी केली. "इकायची तर नायच. पर गेलेल्या मानसाचं मागनं हाय, नाय बी म्हनवत नाय. आमच्यात लक्ष्मी उठवली तर पाट रिकामा ठिवत नायत. हिच्या जागी दुसरी बसवा, आन ही न्या."

मी पाकिटाकडं हात नेला. त्यांनी मान हलवली. "चालनारी नगं. चालनारीला पाय असत्यात." त्यांनी आल्बमवर बोट ठेवलं. "ह्या हिच्या बहिनी न्हवं का? बहिनीच्या जागी बहीन."

"आई, काय बी काय बोलती?" दत्ता म्हणाला. "सर दुसऱ्या कुठल्या बँकेची नमुन्याची आनून देतील की."

"परकी नगं."

"अन् मग सरांच्या पाच कशा व्हनार? एक देऊन एक घ्यायची म्हंजे चारच्या चारच."

दत्ताचा हिशेब बरोबर होता. संच कधीच पुरा होणार नव्हता. काचपेटी गेली, पाटी गेली. नमस्कार करून उठावं आणि निघावं, एवढंच उरलं होतं. मी उठलो नाही. कौसाबाईंनी आल्बम जवळ ओढला आणि एकेक कप्पा निरखायला लागल्या.

"शंभराची घे, आई," दत्ता म्हणाला.

"मला काय तिची शेंगदाण्याची पट्टी आनायचीय?" त्या पाचाच्या नोटेपाशी थांबल्या. तिच्यावर शांघायच्या नदीचा काठ आहे, होड्या आहेत, मोठं पात्र आहे. "हिच्यात पानी हाय. आमच्या रानाला पान्याची लक्ष्मी बरी."

"ती तिनं सगळ्यांत आधी घेतलेली आहे," मी म्हणालो. "वर्गात नेऊन मुलांना दाखवायची. बंदर म्हणजे काय ते सांगायला."

"मग ऱ्हाऊ द्या," त्यांनी लगेच हात मागं घेतला. "दुसरी कोनची बी द्या. नायतर नगं, भाऊ. मनाला लागंल असं काय करू नगा."

मी बराच वेळ त्या पाचाच्या नोटेकडं पाहत बसलो. काचपेटीत पाटी लागली असती. पण तिथं कोण किती येतं हे मला ठाऊक आहे. दिवा कोण लावतं, हातात कोण घेतं? इथं वर्षातून एकदा तरी ही नोट डब्यातून बाहेर निघेल, कोणीतरी तिच्याशी बोलेल. सुनंदाला हे आवडलं असतं असं मी म्हणणार नाही. ती चिमट्याशिवाय नोटेला हात लावू देत नसे. ती रागावली असती, आणि तिचा राग बरोबर असता. जे केलं ते मी माझ्यासाठी केलं.

मी पाचाची नोट कप्प्यातून काढून पाटावर ठेवली. पन्नासाची कौसाबाईंनी माझ्या ओंजळीत दिली. मग त्यांनी करंडा उघडला, अनामिकेवर कुंकू घेतलं आणि नोटेच्या वर बोट धरून थांबल्या.

"लावू?"

इतकी वर्षं स्वच्छ राहिलेला तो कागद. एकदा लागलं की निघणार नव्हतं.

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी कुंकू लावलं, दोन्ही भोकांच्या मधोमध. कोरडं कुंकू क्षणभर वरच राहिलं, मग बोटानं दाबल्यावर कागदाच्या धाग्यांत पसरलं. पावसाळ्यात शेजारणींनी सुनंदाच्या कपाळावर मळवट भरला तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. ह्या वेळी मी शेवटपर्यंत पाहिलं.

निघताना कौसाबाईंनी आल्याची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "दिवाळीला या. न्हायतर फोन करा, दत्तू फोनवर दावंल तिला."

पुन्हा शहागंज

रशीदभाईंनी नोट दिव्याखाली धरली, उलटसुलट केली. काय झालं ते ऐकून त्यांनी भिंग काढून मला नीट न्याहाळलं.

"साफसुथरी पाँच दे के ये दागवाली पचास लाए? एक दे के एक?"

"हो."

"मॅडम होते तो मेरी दुकान में आके मेरे को मारते."

"तुम्हाला नाही, मला."

ते खो खो हसले. नोट परत माझ्यासमोर सरकवत म्हणाले, "कुंकू निकाल देता मैं. आता है मेरे को. धो के, दाब के, ऐसी कर दूँगा के म्यूझियमवाले भी नै पहचानते."

"नको. असू द्या."

मी आल्बम उघडला आणि पन्नासाची नोट तिच्या कप्प्यात सरकवली. शंभराच्या कोऱ्या कागदाशेजारी ती जुन्या वापरातल्या वस्तूसारखी दिसत होती. आता पाचाची जागा रिकामी होती. संग्रहालयातल्या बाईंना मी सकाळीच लॉजवरून फोन केला होता: आल्बम इतक्यात देता येणार नाही. कधी देणार, त्यांनी विचारलं होतं.

"पाच डॉलरची," मी रशीदभाईंना म्हणालो, "शांघाय, नमुन्याची. कुठं दिसली तर कळवाल का? त्याच नंबरवर. तो चालू ठेवणार आहे."

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. ह्या धंद्यात नव्यानं आलेल्या माणसाकडं पाहावं तसं, थोडं कौतुकानं, थोडं सावधपणे.

"मिलेगी," ते म्हणाले. "पन टाइम लगेगा साहेब. बहुत टाइम लगेगा."

"लागू द्या," मी म्हणालो.